झिजलेली बाजू

बाबांच्या रेकॉर्डींचं काय करायचं, हा प्रश्न ते गेल्यापासून घरात नुसता फिरत होता. मिरजेचं घर रिकामं करायचं आणि आईनं पुण्याला माझ्याकडे राहायला यायचं हे पक्कं झालं, तेव्हा मात्र त्याला उत्तर देणं भाग पडलं. दादाचं म्हणणं सरळ होतं, विकून टाकू. एक घेणारा येऊनही गेला. त्यानं हिंदी सिनेमाच्या एलपी तेवढ्या बाजूला काढल्या, लाखेच्या जुन्या तबकड्या बघून तोंड वाकडं केलं आणि त्यांचा भाव किलोवर सांगितला. आईनं त्याला चहा दिला आणि कप उचलता उचलता म्हणाली, "आमच्यात रद्दी शनिवारी देतात. आज बुधवार आहे."

मग रेकॉर्डी पुण्याला आल्या. एकेक धुवायची, वाजवायची, कॉम्प्युटरवर घ्यायची, आणि मग पुढचं बघायचं असं ठरलं. ते काम मी केलं. कपाटावर अशी खोकी असलेली घरं अजून पुष्कळ आहेत, त्यांना काही उपयोग झाला तर व्हावा म्हणून ते कसं केलं ते लिहिते. आणि दुसरं म्हणजे, काम सुरू करताना बाबांच्या आवडीची जी यादी माझ्या डोक्यात होती ती शेवटी तशी राहिली नाही, तेही सांगायचं आहे.

यादी साधी होती. बाबा मिरज जंक्शनवर बुकिंगला होते, आणि मिरजेत राहून गाण्याचं वेड नसणं त्यांच्या मते जवळजवळ बेकायदा होतं. पंढरपूरकडचे भोपळे इथे येतात आणि त्यांचे तंबोरे होऊन देशभर जातात. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुस्कर गाणं शिकले ते इथे. हिराबाई बडोदेकर जन्मल्या इथे. आणि अब्दुल करीम खाँसाहेब विसावले तेही इथेच, मीरासाहेबांच्या दर्ग्यात. खाँसाहेबांच्या मृत्यूची हकिकत बाबा अशी सांगत, जणू त्या दिवशी ड्यूटीवर तेच होते. पाँडिचेरीच्या वाटेवर असताना गाडीत अस्वस्थ वाटू लागलं म्हणून खाँसाहेब सिंगपेरुमाळकोइल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले आणि तिथल्या फलाटावरच गेले. तारीख २७ ऑक्टोबर १९३७. बाबांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. पण "गाडी किती वेळ थांबली असेल?" असा रेल्वेतल्या माणसालाच पडेल असा प्रश्न ते दर वेळी विचारायचे. उरुसात दर्ग्याच्या आवारात चिंचेखाली खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्रभर गाणं चालतं. तिथे बाबांची जागा ठरलेली होती.

तेव्हा माझी यादी अशी: आधी करीम खाँ, मग हिराबाई, मग बालगंधर्व, केसरबाई, आणि नंतरच्या काळातले भीमसेन, कुमार, किशोरीताई. घरी येणाऱ्याजाणाऱ्याला हीच नावं ऐकवली जायची.

पहिलं काम निवडायचं. गायकावार गठ्ठे करायचा मोह होतो, तो आवरायचा. आधी माल बघून निवडायचं, कारण लाखेची तबकडी आणि व्हिनाइल, म्हणजे एलपीचं प्लॅस्टिक, यांची धुलाई वेगळी, सुई वेगळी, वेग वेगळा. ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणारी लाखेची तबकडी हाताला जड लागते, नखानं वाजवली तर टणक आवाज देते, आणि हातातून सुटली की संपली. लाख, त्यात दगडाची पूड आणि काजळी, एवढाच तिचा मसाला. एके काळी जगभरच्या कारखान्यांना लागणारी ही लाख मुख्यतः आपल्याकडच्या जंगलांतून जायची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावतात. आयुष्यभर तासतासभर राग मांडणाऱ्या माणसांनी एवढ्या वेळात गाणं बसवलं. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजाननं रेकॉर्डिंग केलं तेव्हा शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगितलं, म्हणजे परदेशातल्या कारखान्यात तबकडी कोणाची ते कळावं. ती पद्धत पुढेही बरीच वर्षं चालली. गाणं संपता संपता घाईघाईनं म्हटलेलं ते नाव ऐकलं की मला अजून हसू येतं.

बाबांकडच्या ७८च्या बहुतेक रेकॉर्डी दुकानातल्या नव्हत्याच. लग्नामुंजीत कर्णे लावणाऱ्या एका माणसानं धंदा बदलला तेव्हा त्याचा सगळा माल त्यांनी उचलला होता. लेबलवर त्याचा जांभळा शिक्का आहे. अशा रेकॉर्डी ओळखायला शिक्क्याची गरजही पडत नाही. मांडवात घाईघाईनं साउंडबॉक्स, म्हणजे ग्रामोफोनचं पिन बसवलेलं डोकं, टेकवल्यामुळे त्यांच्या सुरुवातीला चऱ्यांची जाळी असते, आणि बालगंधर्वांचं 'नाथ हा माझा' बिचारं दर वेळी ठेचकाळतच सुरू होतं.

धुण्याबद्दल एकच गोष्ट ठळकपणे सांगते. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावायचं नाही, कुठलंही नाही. लाख त्यात विरघळते. फर्निचरला पॉलिश करणाऱ्या कोणालाही हे विचारा. व्हिनाइलला थोडं पातळ केलेलं चालतं, पण मी तिथेही वापरलं नाही. दोघांनाही डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी, आणि त्यात साध्या लिक्विड सोपचे दोन-चार थेंब. मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं गोल फिरवायचा, आडवा कधीच नाही. लेबल भिजू नये म्हणून डब्याची झाकणं दोन्ही बाजूंनी दाबून धरायची. मग नुसत्या पाण्यानं धुवायचं आणि भांड्यांच्या स्टँडमध्ये उभं करून सावलीत वाळवायचं. माझ्या स्वयंपाकघरात महिनोन्‌महिने ताटं ओट्यावर आणि पंडित मंडळी स्टँडमध्ये, अशी व्यवस्था होती. आईनं पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा काही बोलली नाही. फक्त पोळपाट उचलून स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवला.

वाजवायला चारी वेगांचं एक जुनं टर्नटेबल मिळालं. सुई मात्र वेगळी मागवावी लागली. एलपीच्या सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं असतं आणि ७८च्या खाचेला ७५ मायक्रॉनच्या आसपासचं लागतं. एलपीची सुई ७८वर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी जाऊन बसते आणि गाण्याऐवजी तळातली सत्तर वर्षांची माती वाचत सुटते. नुसती सुई बदलून रेकॉर्ड नवी झाल्यासारखी वाटते, इतका फरक आहे. या कामात पैसे कुठे घालायचे असतील तर सुयांवर घालावेत. बाकी सगळं जुन्या बाजारातलं चालतं.

मग वेग. ७८ म्हणतात खरं, पण जुन्या तबकड्या सगळ्या नेमक्या ७८वर भरलेल्या नाहीत, काही थोड्या वर, काही थोड्या खाली. ऐकायला फरक फार वाटत नाही, पण वेग सहा टक्क्यांनी वाढला की सूर पेटीच्या एका पट्टीनं चढतो, पांढरी एकची काळी एक होते आणि गाणाऱ्याचं वयही दहा वर्षांनी कमी होतं. माझा कान तेवढा तयार नाही. मिरजेत आमच्या शेजारी तंबोरे करणारे चाचा आहेत. त्यांना मी एकेक तुकडा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची. त्यांचं उत्तर बोलूनच यायचं, मागे पॉलिशपेपर घासल्याचा आवाज: "बेटा, पेटी दोन पट्ट्यांच्या मधे अडकलीय. जरा उतरव." साथीला पेटी असली की हा मोठा आधार असतो. पट्टी सुरात सापडेपर्यंत वेग खालीवर करत जायचं. पेट्याही त्या काळी सगळ्या एका सुरात लावलेल्या नसायच्या, त्यामुळे हे शास्त्र काटेकोर नाही. तरी नुसत्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा चाचांचा कान परवडला.

कॉम्प्युटरवर घेताना आवाज नोंदायची बारकाई २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झ ठेवली. त्याला मिनिटाला साधारण ३५ एमबी जागा लागते, म्हणजे ७८ची एक बाजू शंभर एमबीच्या वर आणि एलपीची बाजू पाऊण जीबी. हल्ली डिस्क स्वस्त आहेत, त्यामुळे यात कंजुषी करू नये. जशी वाजली तशी एक प्रत हात न लावता ठेवायची आणि साफसफाई दुसऱ्या प्रतीवर करायची.

साफसफाई हे सगळ्यात फसवं काम. खरखर काढणाऱ्या सॉफ्टवेअरला आधी नुसत्या खरखरीचा नमुना दाखवावा लागतो, म्हणजे तसला एकसारखा आवाज ते सगळीकडून पुसतं. सिनेमाच्या गाण्याला हे ठीक. पण आपल्या गाण्यात एकसारखा मागे वाजत राहणारा आवाज दुसराही एक असतो. गाणं सुरू होण्याआधी तंबोरा लागलेला असतो, नमुना तिथला घेतला की सॉफ्टवेअर इमानेइतबारे तंबोराही पुसून टाकतं. हिराबाई मग हवेत तरंगत गातात. तडतड काढायला जावं तर तबल्याची चाट बोथट होते. म्हणून मी मोठे खटके तेवढे हातानं काढले आणि बाकी जसं आहे तसं ठेवलं. इंटरनेटवर जुनं गाणं 'क्रिस्टल क्लिअर' करून टाकणाऱ्यांनी एकदा तंबोरा शोधून दाखवावा.

तर अशी गाडी चालू झाली, आणि रेकॉर्डी मी रोज दिव्यासमोर तिरप्या धरून बघू लागले. काम म्हणूनच बघत होते. नवी तबकडी काळीभोर चमकते. जिथे जास्त वाजली असेल तिथे ती करडी पडते, आणि आवाज जिथे जोरकस तिथे जास्त. चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमच्या वर वजनानं तबकडीवर बसतो आणि त्यात पोलादाची पिन असते, झीज ठरलेलीच. ही झीज बघून कोणती सुई लावायची ते ठरवता येतं. जुन्या पिनेनं खाचेची भिंत ज्या उंचीवर घासली असेल त्याच्या थोडं वर किंवा खाली बसणारी सुई लावली, तर कोरी भिंत मिळते आणि आवाज सुधारतो. म्हणून मी एका वहीत प्रत्येक बाजूपुढे लिहू लागले: चमक, किंचित करडी, करडी, फार करडी.

वही भरत गेली तशी गंमत दिसू लागली. केसरबाईंच्या रेकॉर्डीपुढे 'चमक' असा शेरा होता. केसरबाई! १९७७ साली व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात पाठवली, तीवर भारतातलं एकच गाणं, केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी, 'जात कहाँ हो'. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. हे सगळं बाबा प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. सांगताना ती रेकॉर्ड कपाटातून काढायचे, दोन बोटांत कडेनं धरून दाखवायचे, गोव्यातलं केरी गाव, अल्लादियाखाँसाहेबांची तालीम, सगळं व्हायचं, आणि मग रेकॉर्ड परत कपाटात. वाजवायची राहूनच जायची. आता सुई ठेवली तर नवीकोरी वाजली. माझे बाबा केसरबाईंचे मोठे भक्त होते यात शंका नाही, पण देवघरातल्या शाळिग्रामाचे असतात तसे.

करीम खाँसाहेबांचा झिंझोटी, 'पिया बिन नहीं आवत चैन', मध्यम करडा. ही रेकॉर्ड ऐकून लहानपणी भीमसेन घर सोडून गाणं शोधायला निघाले, हे प्रसिद्धच आहे. बाबा घर सोडून कुठे गेले नाहीत, पण तबकडीच्या रंगावरून ती त्यांनी बरीच ऐकली होती. इथवर माझी यादी ठीक होती.

एलपींच्या कव्हरांवर आतल्या बाजूला पेन्सिलीनं नोंदी निघाल्या. बाबांचं बुकिंग क्लार्कचं अक्षर, बारीक आणि ठाम. 'दिवाळी बोनस.' 'दादरहून, उभ्यानं प्रवास.' 'कन्येचं बारसं', ही कन्या मी, आणि माझ्या बारशाला बाबांनी स्वतःसाठी कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं आणली होती. 'शिवकल्याण राजा'वर लिहिलं होतं, 'संपानंतरची पहिली.' ही रेकॉर्ड १९७४ची. शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली म्हणून हृदयनाथांनी चाली दिलेली, लताबाईंनी गायलेली, मधे बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. आणि संप म्हणजे त्याच वर्षीच्या मे महिन्यातला रेल्वेचा संप. वीस दिवस गाड्या बंद होत्या, आणि आमच्या घरात पगार.

संपाबद्दल मी आईला विचारलं. ती शेंगा सोलत होती.

"किराण्याची बाकी थकली, तर ह्यांनी रेडिओ विकला," ती म्हणाली. "रेकॉर्डीला हात नाही लावला हो. रेडिओ विकला. आणि कामावर परत घेतल्यावर पहिली गोष्ट काय केली, तर वाजवता न येणारी रेकॉर्ड आणली."

खरंच. घरात तेव्हा चावीचा ग्रामोफोन होता, त्यावर एलपी वाजत नाही. एलपी वाजवणारा एचएमव्हीचा फिएस्टा आला पुढे १९७६च्या दिवाळीत. तोवर 'शिवकल्याण राजा' काखेत मारून बाबा ज्याच्याकडे यंत्र असेल त्याच्याकडे जाऊन बसायचे.

"मग तुझा रेडिओ?"

"माझा कुठला? ह्यांचाच होता. पण ऐकत मी होते." मग ती गीतरामायणाकडे वळली, कारण रेडिओचा विषय निघाला की ती तिकडेच वळते. १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं आणि वर्षभरात छप्पन्न गाणी झाली. आई तेव्हा नऊ वर्षांची, सांगलीत शेजारच्या वकिलांच्या ओसरीवर जाऊन ऐकायची. तिची एक जुनी तक्रार आहे. रेडिओवर माणिकबाई वर्मा होत्या, मालती पांडे होत्या, वसंतराव, राम फाटक होते, प्रत्येक पात्राला वेगळा गळा होता. नंतर रेकॉर्डी निघाल्या त्यात सगळी गाणी बाबूजींच्याच, म्हणजे सुधीर फडक्यांच्याच आवाजात. "चांगलीच म्हटलीत," ती म्हणते, "पण कौसल्या पण तेच आणि शूर्पणखा पण तेच?" बाबांशी तिचं यावरून कायम वाजायचं. गीतरामायणाच्या रेकॉर्डी आमच्याकडे चमकतायत, त्यामागे हेही कारण असावं.

वहीतला सगळ्यात वाईट शेरा, 'फार करडी, जवळजवळ पांढरी', हा होता माणिक वर्मांच्या एका रेकॉर्डीपुढे. 'सावळाच रंग तुझा', गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल. एक बाजू इतकी घासलेली की दिव्याखाली खाच दिसेना, आणि मागची बाजू धड. बाबा भावगीतांना 'दुपारची गाणी' म्हणायचे, त्यात थोडा नाकाचा शेंडा वर असायचा. ही रेकॉर्ड कर्णेवाल्याचीही नव्हती, शिक्का नाही. शिवाय मांडवातल्या रेकॉर्डीची झीज सुरुवातीला असते. ही पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत सारखी झिजलेली. म्हणजे कोणीतरी ती रोज, नीट टेकवून, पूर्ण ऐकली होती.

मी ती आईसमोर धरली. तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

"ती माझी," ती म्हणाली.

रेडिओ गेल्यावर दुपार खायला उठायची. दादा शाळेत, मी पाळण्यात, बाबांची ड्यूटी. ग्रामोफोनला हात लावायचा नाही असा घरात कायदा होता, तो कायदा दुपारी दोन ते तीन बंद असायचा. यंत्र कपाटावरून काढायचं, माणिकबाई लावायच्या, एकदा, दोनदा, कधी तीनदा, आणि यंत्र पुसून जागच्या जागी.

"पण इतकी का झिजली?" मी विचारलं, कारण इतर ७८ही काही कमी वाजलेल्या नव्हत्या, तरी अशी अवस्था एकीचीही नव्हती.

"पिना ह्यांच्या मोजलेल्या असायच्या."

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. पोलादी पिन एका बाजूला एकच वापरायची असते. तबकडीतल्या दगडाच्या पुडीवर घासून तिचं टोक तीन मिनिटांत चपटं होतं, म्हणून पिनांच्या दोनदोनशेच्या डब्या मिळायच्या. चपट्या टोकाची पिन पुन्हा लावली तर ती खाचेच्या भिंती रंध्यानं तासल्यासारख्या खरवडत जाते. बाबांची पिनांची डबी मला सापडलीच होती, झाकणाच्या आत पेन्सिलीचे आकडे, नवी उघडली ती तारीख, उरल्या किती. यंत्राला वापरलेल्या पिना टाकायची एक छोटी वाटी असते. आई त्या वाटीतली पिन उचलायची. नवी घेतली असती तर हिशेबात आलं असतं. बाबांनी वापरून टाकलेल्या पिनांवर तिनं तिची दुपार ऐकली, आणि प्रत्येक दुपारनं खाच थोडी खरवडली.

"आणि मागची बाजू?"

"मागचं मला नाही आवडत."

खरी गोष्ट पुढे आहे. याच रेकॉर्डीची दुसरी प्रतही संग्रहात होती. निवडताना मी दोन्ही एकत्र ठेवल्या होत्या आणि तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं, दोन प्रती असतात पुष्कळांच्या. आता ती काढून बघितली. पाकिटावर कोल्हापूरच्या दुकानाचा शिक्का, आणि आत पेन्सिलीनं नुसतं '१९७५'. प्रसंग नाही, बोनस नाही, काही नाही. १९७५ म्हणजे ७८च्या तबकड्या निघणं जवळजवळ बंद झालं होतं. बाजारात एलपी आणि ४५ फेऱ्यांच्या छोट्या ईपी आल्या होत्या. म्हणजे दुकानाच्या माळ्यावरचा जुना माल उपसूनच ती मिळाली असणार. आणि हे करणारा माणूस भावगीतांना दुपारची गाणी म्हणणारा.

आईला दाखवली तर तिला ही दुसरी प्रत ठाऊकच नव्हती. पाकीट उलटसुलट केलं, चष्मा लावून '१९७५' वाचलं.

"ह्यांनी आणली?"

"अक्षर बाबांचंच आहे की."

"मग दिली का नाही?" ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "दिली असती तर दुपारचं बोलावं लागलं असतं."

यावर मी काही बोलले नाही, कारण पंचेचाळीस वर्षांच्या संसाराचा हिशेब मला येत नाही. दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, बाबांनी चुकून दोनदा घेतली असेल. असेलही. पण पिना मोजणारा माणूस रेकॉर्ड चुकून दोनदा घेईल हे मला पटत नाही.

दोन्ही प्रती मी कॉम्प्युटरवर घेतल्या. झिजलेल्या बाजूसाठी तीन सुया लावून बघितल्या. स्टीरिओ कार्ट्रिजनं, म्हणजे सुई बसवतात त्या तुकड्यानं, घेतलं की खाचेच्या दोन भिंती दोन बाजूंना वेगवेगळ्या ऐकू येतात, आणि बहुतेक वेळा एक भिंत दुसरीपेक्षा कमी झिजलेली असते. इथे डावी थोडी बरी निघाली. उजवी टाकून दिल्यावर माणिकबाईंचा आवाज खरखरीच्या वर आला, शब्द कळू लागले. त्यापलीकडे नाही. दुसरी प्रत मात्र स्वच्छ होती. वेग चाचांकडून तपासून घेतला. त्यांनी फार वेळ लावला, आणि मग फक्त म्हणाले, "अम्मीला सलाम सांग."

आईला दुसरी प्रत ऐकवली. हेडफोन तिला चालत नाहीत, स्पीकरवरच. ती पूर्ण गाणं मान थोडी तिरपी करून ऐकत होती, आणि संपल्यावर भलतीच खूश.

"शेवटपर्यंत नीट म्हटलंय की गं बाईनं!"

मला कळेना. मग खुलासा झाला. ग्रामोफोनची चावी आई कधी पुरती द्यायचीच नाही. स्प्रिंग तुटली तर ह्यांना काय सांगायचं, या धाकानं अर्धीच द्यायची. त्यामुळे शेवटच्या कडव्याला यंत्र दमायचं, वेग उतरायचा, सूर खाली खाली जायचा. तिच्या कानात ते गाणं कायमचं तसंच बसलं होतं, शेवटी थकत गेलेलं. माणिकबाईंना दम पुरत नसेल असं तिला वाटायचं, त्यांच्याविषयी थोडी कणवही होती. आता त्या शेवटच्या ओळीपर्यंत सुरात होत्या हे ऐकून तिनं पुन्हा लावायला सांगितलं.

सगळ्या रेकॉर्डींची यादी मी एक्सेलमध्ये केली आहे. गायक, गाणं, राग असेल तर राग, वेग, वापरलेली सुई, झीज. आईनं त्यात आणखी एक रकाना घालायला लावला, 'कोणाची'. रोज संध्याकाळी ती माझ्या शेजारी बसून तो भरून घेते. करीम खाँ, ह्यांचे. केसरबाई, ह्यांच्या. हिराबाई, दोघांच्या. 'शिवकल्याण राजा' कोणाचा यावर तिनं बराच विचार केला आणि म्हणाली, "वाड्याचा लिही. सगळा वाडा ऐकायचा." आशाबाईंच्या ईपी तिच्या, भीमसेनांचे अभंग दोघांचे, पण यमन ह्यांचा. एका जुन्या लावणीपुढे ती म्हणाली, "हे मी सांगणार नाही," तो रकाना रिकामा आहे. किलोवर भाव आला होता त्या गठ्ठ्यात तिच्या नावावर बाबांपेक्षा जास्त रेकॉर्डी निघतायत.

मूळ फायली दोन डिस्कवर आहेत, एक माझ्याकडे, एक दादाकडे. विकून टाकू म्हणणारा दादा आता गाडीत 'पिया बिन' लावतो आणि पाहुण्यांना सिंगपेरुमाळकोइलची हकिकत सांगतो, त्यातली तारीख चुकते. तबकड्या उभ्या रॅकमध्ये ठेवल्यात. आडव्या एकावर एक ठेवल्या की खालच्या दबून वाकतात, म्हणून उभ्याच.

आता कॅसेटी. त्यांचं दुखणं वेगळं आहे. फितीमागचा फेल्टचा बारीक तुकडा गळून पडलेला असतो, आणि टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा वितळून डांबर झालेला. आधी पट्टा बदलायचा, मग कॅसेटीचे स्क्रू काढून फीत नव्या खोळीत घालायची. खोकं उघडून वरवर पाहिलं, सांगली आकाशवाणीवरून भरलेल्या बऱ्याच दिसतायत. पाठीवरच्या पट्ट्यांवर बाबांचं अक्षर थोड्याच ठिकाणी आहे, बाकी सगळं आईचं, बॉलपेननं, वेळेसकट. फेल्ट मागवलंय. ते आलं की सुरू करते.